ब्रिक्स मोजतो, मग घरातली हवा का नको?



हंगामाच्या तोंडावर आम्ही हँड रिफ्रॅक्टोमीटर खिशात घालून तुमच्या बांधावर येतो. उसाच्या कांडीला टोचा मारायचा, रसाचा थेंब काचेवर टाकायचा, डोळा लावायचा आणि ब्रिक्सचा आकडा सांगायचा, हे आमचे नित्याचे काम. ऊस वरून कितीही पिकल्यासारखा दिसो, तुम्ही विश्वास ठेवता तो आकड्यावर. "दिसायला पक्का हाय" एवढ्यावर कोणी तोडणी मागत नाही. आज मात्र आम्ही उसाबद्दल लिहायला बसलो नाही. ज्या घरात आपण जेवतो, झोपतो, त्या घरातल्या हवेबद्दल लिहायचे आहे. तीही डोळ्यांनी नीट कळत नाही, मोजावीच लागते.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या मायनं चाळीस वर्षे चुलीपुढं काढली. सरपण म्हणजे तुराट्या, पऱ्हाट्या आणि पावसाळ्यात ओलसर गोवऱ्या. सकाळ-संध्याकाळ भाकरी, वर अंघोळीचे पाणी. पन्नाशीनंतर तिला खोकला लागला. आम्ही म्हणालो, हवापालट असेल. पुढे चार पायऱ्या चढल्या की दम लागू लागला, तेव्हा तिला नांदेडला डॉक्टरांकडे नेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "बिडीचा नाद होता का?" माय हसली. जन्मात तिने बिडीला हात लावला नव्हता. मग तिला एका यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला सांगितले. जिने आयुष्यभर चूल फुंकली, तिला त्या नळीत पुरते फुंकता येईना. निदान झाले सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. औषधाने त्रास कमी होतो, गेलेली ताकद परत येत नाही.

वडील त्याच घरात राहिले, पण ओसरीवर. त्यांना असे काही झाले नाही. घर एक, हवा दोन. आम्ही तेव्हा शेतकीची पदविका घेऊन नोकरीला लागलो होतो. उसाच्या रोगांची लक्षणे तोंडपाठ होती. घरातल्या माणसाचे लक्षण मात्र वेळेवर दिसले नाही. ही खंत मनात होती, म्हणूनच अलीकडे बाजारात घरातली हवा मोजणारे छोटे यंत्र आले तेव्हा आम्ही ते स्वतःच्या खिशातून घेतले.

यंत्र टिफीनच्या डब्याएवढे. आत एक बारीक पंखा हवा ओढतो. त्या हवेवर लेझरचा किरण पडतो. हवेत कण असतील तर किरण विखुरतो, आणि किती विखुरला यावरून यंत्र कणांचा अंदाज बांधते. झरोक्यातून उन्हाची तिरीप आली की हवेतली धूळ चमकते ना, तोच प्रकार. पडद्यावर जो मुख्य आकडा येतो त्याला पीएम २.५ म्हणतात. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत ते. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती बारीक ते कळेल. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. यंत्र मोबाईलला जोडले की दिवसभराचा आलेखही दिसतो. 'स्मार्ट' म्हणतात ते एवढ्यासाठीच.

आकडा चांगला की वाईट, हे ठरवायला माप हवे. आपल्या देशाचे २००९ सालचे प्रमाण असे आहे, की चोवीस तासांची सरासरी ६० च्या वर नसावी आणि वर्षाची सरासरी ४० च्या वर नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याहून कडक माप दिले आहे, अनुक्रमे १५ आणि ५. ही मापे सरासरीची आहेत, क्षणभराची नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

यंत्र घेऊन आम्ही आमच्या कार्यक्षेत्रात काही घरी गेलो. लोहा तालुक्यातल्या एका सभासदाचे जुने माळवदाचे घर. यंत्र पाहून आजी म्हणाल्या, "साहेब, काय दाखवायलाव आम्हाला? रेडिओ हाय का?" चूल पेटवण्याआधी आकडा बरा होता. सुनबाईंनी तुराट्या लावल्या, फुंकणी घेतली, आणि भाकरी तव्यावर पडेपर्यंत आकडा ९९९ वर जाऊन थांबला. थांबला तो धूर थांबला म्हणून नव्हे. त्या यंत्राला त्यापुढे मोजताच येत नव्हते. तेच यंत्र ओसरीवर आणले तर आकडा पुष्कळ खाली. सुनबाईंच्या शेजारी दोन वर्षांचे लेकरू बसले होते. आजी गप्प झाल्या, मग एवढेच म्हणाल्या, "आम्ही तर लई वर्षं ह्योच खाल्ला."

दुसरे घर अहमदपूरकडचे. स्लॅबचे, गॅसची शेगडी. इथे काही निघणार नाही असे आम्हाला वाटले होते. स्वयंपाक होईपर्यंत तसेच होते. फोडणीला आकडा थोडा वर गेला आणि उतरला. पण रात्री निजायच्या खोलीत दार-खिडकी लावून डासांची कॉइल पेटवली, आणि आलेख रात्रभर खाली आलाच नाही. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले आहे. बाप सिगारेट ओढत नाही आणि लेकरे मात्र कॉइलच्या धुरात झोपतात, अशी ही गत.

तिसरे घर कंधार भागातले. तिथे चूलही नव्हती, कॉइलही नव्हती. सकाळी खिडकी उघडली आणि आकडा चढू लागला. शेजारच्या रानात तुटलेल्या उसाचे पाचट पेटवले होते. खरे सांगायचे तर आम्हीच ओशाळलो, कारण ते रान आपल्याच सभासदाचे.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. डॉ. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८१ साली गुजरातमधल्या चार खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर मापनयंत्र लावून चुलीचा धूर मोजला. तोवर हवेचे प्रदूषण म्हटले की गिरण्यांची धुराडी आणि मोटारीच डोळ्यांपुढे येत. पुढे १९८३ साली निर्धूर चुलीची राष्ट्रीय योजना आली आणि १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना आढळली. म्हणजे दहांतली चार घरे तेव्हाही धुरातच होती. आणि टाकी आली तरी चूल विझतेच असे नाही. टाकी संपू नये म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, हे आपण घरोघर पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे घरातल्या धुराच्या आजारांनी दगावली. लातूर शहराचे नाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, पण शहराच्या चौकातले यंत्र तुमच्या चुलीपुढची हवा मोजत नाही. ती तुम्हालाच मोजावी लागेल.

आता एक धोक्याची सूचना, ती कृपया घरी मोठ्याने वाचून दाखवावी. हे यंत्र कण मोजते. कार्बन मोनॉक्साईड हा वायू वेगळा. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. हिवाळ्यात घमेल्यात इंगळ घेऊन बंद खोलीत शेकत झोपणे, किंवा बंद न्हाणीत गॅस गिझर लावणे यात हा वायू साठतो आणि झोपेतच जीव जातो. इंगळाला धूर दिसत नाही, त्यामुळे कणांचा आकडा कमीही दिसेल. त्यावर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साईड मोजणारे यंत्र निराळे मिळते. काही यंत्रांवर कार्बन डायऑक्साईड दिसतो; तो याहून वेगळा. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० असतो. बंद खोलीत तो हजाराच्या वर गेला, तर खोलीत कोंदट होते आहे, खिडकी उघडावी, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट. भाताच्या वाफेने किंवा दाट धुक्याने हे यंत्र फसते. पाण्याचे थेंबही ते कण म्हणून धरते. म्हणून एका आकड्यावर निर्णय करू नये. उसाचा ब्रिक्स आपण एकाच कांडीवरून ठरवतो का? तसेच हे.

तेव्हा आमच्या सूचना अशा :

१) यंत्र प्रत्येकाने घ्यायची गरज नाही. त्याला काही हजार रुपये पडतात. पाच-दहा घरांत किंवा बचत गटात एक पुरे.

२) स्वयंपाक करणारी बाई बसते तिथे, तिच्या नाकाच्या उंचीवर ठेवावे. चुलीला चिकटून नको, खिडकीतही नको. पेटवण्याआधी, भाकरी करताना आणि तासाभराने, असे तीन आकडे कॅलेंडरवर लिहावेत. हे तीन-चार दिवस करावे.

३) नंतर एकेक बदल करून पुन्हा मोजावे. सरपण वाळवून वापरणे, समोरासमोरची दार-खिडकी उघडणे, धुराडे साफ करणे, चूल पडवीत नेणे, भाकरीही गॅसवर करणे. कशाने आकडा किती उतरला ते घरच्यांनाच दिसेल.

४) लहान लेकरू आणि गरोदर बाई चुलीजवळ नको. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी.

५) पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट निघते. खोडव्यात सरीत कुट्टी करून प्रति टन ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जीवाणू टाकावेत. ओल टिकते, तण दबते, पाण्याची एखादी पाळी वाचते. आपल्या मराठवाड्यात याचे मोल सांगायला नको. पाचटाचा दुसरा उपयोगही आहे. पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली त्याला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. मात्र तो कोळसाही हवेशीर जागीच पेटवावा.

यंत्राने हवा शुद्ध होत नाही, हे शेवटी स्पष्ट सांगतो. रिफ्रॅक्टोमीटरने तरी कुठे साखर वाढते? तो फक्त सांगतो. करायचे आपल्याला असते. लोह्याच्या त्या घरी महिन्याने पुन्हा गेलो, तर चूल पडवीत आली होती आणि लेकरू आजीजवळ अंगणात खेळत होते. आजी म्हणाल्या, "साहेब, आता मोजा की." मोजले. आकडा शून्य झाला नव्हता, पण ९९९ लाही अडकला नाही.

आमच्या मायच्या वेळी हे यंत्र नव्हते. तुमच्या घरच्या माउलीच्या वेळी आहे. उसाची नोंद वेळेवर करता, तशी हिचीही करा.

आपला,
ऊस विकास अधिकारी