बडबडणं आणि बरळणं



आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका लेकीनं विचारलं, इंग्रजीतलं 'बॅबल' म्हणजे काय? आम्ही म्हणालो, बडबडणं. तान्ह्या बाळाच्या 'बा-बा'सारख्या आवाजातून तो शब्द आला असावा. आपलं 'बडबड'ही आवाजावरूनच आलं. ज्यांची भाषा कळत नसे अशा परक्यांना ग्रीक लोक 'बार्बारोस' म्हणत आणि संस्कृतात 'बर्बर' म्हणत.

पण बडबडणं वेगळं आणि बरळणं वेगळं. बडबडणारीला आपण काय बोलतो ते कळतं. बरळणारीला कळत नाही. माणूस झोपेत बरळतो, तापात बरळतो, दारूच्या नशेतही बरळतो.

मागच्या उन्हाळ्यात आमची एक मैत्रीण रानातून आली आणि बरळायला लागली. कुणी म्हणालं, बाहेरचं झालंय, लिंबू उतरवा. त्यात अर्धा तास गेला. तो उष्माघात होता. ती वाचली, पण तो अर्धा तास आम्ही विसरलो नाही.

म्हणून लक्षात ठेवा. उन्हातून आलेलं माणूस बरळू लागलं, अंग तापलं, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तोंड वाकडं होऊन बोबडी वळली तर तो अर्धांगाचा झटका असू शकतो. तेव्हाही लगेच दवाखाना गाठा.

आणि एखादी बाई आपलं दुखणं सांगत असेल, तर 'काहीही बरळते' म्हणू नका. ते बरळणं नव्हे, सांगणं आहे.