जुन्या विजेच्या गाडीचा जमाखर्च

गोल्फ हा खेळ आम्हां भुसार व्यापाऱ्यांच्या नित्य परिचयाचा नव्हे. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात त्याचे मैदान आहे, इतकीच आपल्यापैकी बहुतेकांना त्याची ओळख. परंतु त्या खेळासाठी अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आलेली विजेची छोटी गाडी आज आपल्या दाराशी येऊन उभी राहिली आहे. येथील नेहरू प्राणिसंग्रहालयात कुटुंबेच्या कुटुंबे अशा बॅटरीच्या गाड्यांतून फिरतात. धर्मशाळा, मंगल कार्यालये व गोदामांची मोठी आवारे येथेही ती दिसू लागली आहे. नवी गाडी येते तेव्हा तिला हार घालतात, नारळ फोडतात. तीच जुनी होऊन अडून बसली म्हणजे तिला कोणी वाली राहत नाही. अशा गाडीस थोडक्या पैशांत पुन्हा चालती कशी करावी, याविषयी आम्हांस जे अनुभवाने कळले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आमच्या परिचयाच्या एका धर्मशाळेस एका दात्याने अशी गाडी दिली होती. फाटकापासून भोजनशाळा लांब असल्याने वृद्ध मंडळींस ती मोठाच आधार होती. गाडी बंद पडल्यावर सूर्यास्तापूर्वी भोजनशाळा गाठणे कित्येकांस अशक्य होऊ लागले, व काही वृद्ध भगिनी भोजनाविनाच राहू लागल्या. कारागिराने सर्व बॅटऱ्या व वेग नियंत्रित करणारी पेटी नवीन घालण्याचा अंदाज दिला. तितकी शिल्लक संस्थेपाशी नव्हती. गाडी मोडीच्या भावाने विकावी असा विचार निघाला, तेव्हा आधी तिची परीक्षा व्हावी असे आम्ही सुचविले व ते काम आमच्याकडेच आले.

पोत्याच्या पोटातून नमुना काढल्यावाचून आपण धान्याचा भाव बोलत नाही. तोच न्याय येथे लावावा: आधी माप, मागून पैसा. शिशाच्या बॅटरीचा शोध फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते यांनी १८५९ साली लावला, आणि जुन्या गोल्फगाड्या बहुधा तिच्यावरच चालतात. आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या म्हणजे ४८ व्होल्ट होतात. अशा जोडणीत एकच विद्युतप्रवाह सर्वांतून जातो. म्हणून त्यांतील एक जरी दुबळी झाली तरी उरलेल्या पाचांचे बळ वाया जाते. गाडी म्हातारी झाली असे लोक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा एखादी बॅटरी किंवा एखादा सांधा तेवढा बिघडलेला असतो.

हात लावण्यापूर्वी सावधगिरी हवी. किल्ली काढून घ्यावी, चाकांस अडण लावावी, अंगठी, घड्याळ व बांगड्या उतरवाव्यात आणि डोळ्यांस चष्मा व हातांत रबरी मोजे घालावेत. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो व तो पेट घेतो. यास्तव गाडीची जागा हवेशीर असावी आणि जवळ दिवा वा उदबत्ती लावू नये.

कोठी येथील गुजराती गल्लीत व्होल्ट मोजण्याचे साधे यंत्र अल्प किमतीत मिळते. बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवाव्यात व प्रत्येकीचे माप वहीत लिहावे. आठ व्होल्टची निरोगी बॅटरी सुमारे ८.४ ते ८.५ व्होल्ट दाखविते. मग गाडीत माणसे बसवून ती थोडी चालवावी व पुन्हा मोजावे; भार पडताच जी इतरांहून बरीच खाली घसरते ती रोगी जाणावी. हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनताही पाहावी. पूर्ण चार्ज झाल्यावर ती साधारण १.२५० ते १.२८० असते. एखाद्या कप्प्यात ती इतरांहून ०.०५० वा अधिक कमी भरली, तर तो कप्पा संपत आला असे समजावे.

त्यानंतर सांधे पाहावेत. टोकांवर साचलेला हिरवा-पांढरा क्षार पाण्यात कालविलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवावा. मात्र बॅटरीची झाकणे घट्ट लावलेली असावीत. चालविल्यावर जी तार तापते ती आतून कुजलेली असते. चाके उचलून हाताने फिरवावीत. ब्रेक चिकटून राहिला असेल तर बॅटरीचे बळ तेथेच खर्ची पडते. पाय दाबताच सोलेनॉइडचा ‘टक्’ आवाज होऊनही गाडी हालत नसेल, तर त्याचे आतील संपर्क, पुढील तारा किंवा मोटारीचे कार्बन ब्रश तपासावेत. आवाजच येत नसेल तर किल्लीचा व पायाखालचा स्विच आधी पाहावा.

या क्रमाने धर्मशाळेच्या गाडीत तीन दोष निघाले: एक कुजलेली तार, अडकलेला हातब्रेक आणि एका बॅटरीचा मेलेला कप्पा. वेग नियंत्रित करणारी पेटी निर्दोष होती. तार व ब्रेकचे सामान राणीगंजच्या बाजारात मिळाले. बॅटऱ्यांचा संच दोन वर्षांहून कमी वापरलेला असल्याने त्याच क्षमतेची व तितकीच वापरलेली एक बॅटरी शोधून, पारखून बसविली. एकंदर खर्च मूळ अंदाजाच्या निम्म्याहून पुष्कळच कमी झाला, आणि वृद्ध मंडळी पुन्हा दिवस मावळण्यापूर्वी पानावर बसू लागली.

येथे एक इशारा अवश्य दिला पाहिजे. पाच जुन्यांत एक कोरी बॅटरी घालणे ही काटकसर नव्हे. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर झिजते. संच चार-पाच वर्षांचा होऊन थकला असेल तर थोडे थांबून, वर्गणी जमवून, सर्व एकदम बदलावा. जुनी बॅटरी विक्रेत्यासच परत करून तिचा मोबदला वजा करून घ्यावा. शिसे विषारी आहे, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्यांच्या योग्य पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारवाल्याने उघड्यावर ती फोडली तर त्याच्याच मुलाबाळांच्या पोटात शिसे जाते. दोन पैशांच्या लाभासाठी हा दोष आपल्या माथी घेऊ नये.

ब्रेक व सुकाणू यांत मात्र कधीही काटकसर करू नये. इतर सर्व काही नित्याच्या निगेवर अवलंबून आहे. गाडी वापरल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावावी. बॅटरी निम्म्याहून खाली उतरू देऊ नये. चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरच घालावे, नळाचे कदापि नव्हे. हैदराबादचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो व उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून तिला सावली द्यावी, व त्या दिवसांत पाण्याची पातळी दर आठवड्यास पाहावी. या कामासाठी एक जबाबदार माणूस व एक वही नेमून द्यावी. दान देणाऱ्याने गाडी एकदाच दिली. ती चालती ठेवण्याचे पुण्य मात्र रोज पाणी पाहणाऱ्याच्या खाती जमा होते, असे आम्ही मानतो.