यवतमाळमधला 'महाल' शोधायला सायकलवर

यवतमाळात महाल कुठे आहे? नववीच्या वर्गात आम्ही विचारलं तर पोरं हसली. आग्रा-दिल्लीचे महाल त्यांना पाठ आहेत, स्वतःच्या गावाच्या नावातला माहीत नाही.

गावाचं जुनं नाव यवत. पुढचं 'माळ' हे 'महाल'चंच बदललेलं रूप. पण हा महाल म्हणजे राजवाडा नव्हे. मुघल कारभारात सुभा, सुभ्यात सरकार आणि सरकारात महाल किंवा परगणा, अशी महसुलाची उतरंड होती. वऱ्हाड 1490 पासून इमादशाहीकडे होता, 1574 ला अहमदनगरच्या निजामशाहीने घेतला आणि 1596 ला मुघलांकडे गेला. त्यानंतर लगेच अबुल फजलने आईन-ए-अकबरीत जी यादी दिली, तिच्यात आपलं गाव 'योत-लोहारा' म्हणून सापडतं.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी फजर पढून निघालो. आधी लोहारा, पाचेक किलोमीटर. इथलं कमलेश्वराचं मंदिर हेमाडपंती आहे. "सर, मंदिरात कशाला नेता?" असं एका पालकांनी आदल्या दिवशी विचारलं होतं. आम्ही म्हटलं, पूजेला नाही, दगड बघायला नेतो. चपला बाहेर काढून मुलं गुमान उभी राहिली. हेमाडपंत हे देवगिरीच्या यादवांचे तेराव्या शतकातले प्रधान, त्यांच्या नावावरून ही पद्धत ओळखली जाते. तासलेले काळे दगड खाचा पाडून एकमेकांत बसवायचे, मध्ये चुना नाही. वजनच वजनाला धरतं. फरशी लावणाऱ्या मिस्त्रीचा पोरगा सांध्यावरून बोट फिरवत राहिला. आमच्या भाषणापेक्षा त्याला तेवढ्यात जास्त कळलं असावं.

मग मागे फिरून नागपूर रोडने कळंब. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, मधून ट्रक. एकाची चेन दोनदा उतरली. कळंब आज तालुका आहे, तेव्हा ते आख्ख्या सरकारचं ठाणं होतं. अबुल फजल त्याला जुनं, मोठं शहर म्हणतो आणि इथल्या म्हशींची तारीफ करतो! यावर पोरं इतकी हसली की पुढे शेजारच्या चांद्याच्या गोंड राजाचे हजार स्वार आणि चाळीस हजार पायदळ कुणी ऐकलंच नाही. चिंतामणीचं मंदिर इथे जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावं लागतं.

जोहरनंतर सावलीत डबे उघडले. एका मुलीने विचारलं, "सर, म्हणजे आपण इथलेच ना?" तहसील, जिल्हा, तालुका, महसूल, जमाबंदी हे शब्द तिला वहीत लिहायला लावले. फारसी-अरबीतून आलेले, आणि आज प्रत्येक मराठी शेतकऱ्याच्या तोंडी. तिने वही वडिलांना दाखवायला जपून ठेवली.

मगरीबच्या आत सगळे घरी. ज्या पालकांनी विचारलं होतं त्यांचा सोमवारी फोन आला, पुढच्या वेळी धाकट्यालाही घ्या. पुढे माहूर आहे, तेही त्या यादीतलं सरकार. पण आर्णीमार्गे तेवढं अंतर एका दिवसात सायकलने मुलांना झेपायचं नाही, बस करावी लागेल.