हवा गाळणारे यंत्र, घरातली मनी आणि दम्याचा आजार



एरवी या पानावर मी पिकाविषयी, खताविषयी लिहितो. आज घरातल्या हवेविषयी लिहिणार आहे. कारणही तसेच घडले.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. घोडनदीच्या काठच्या एका गावात उन्हाळी कांद्याच्या लागणी चालू होत्या. वाफे पाहून झाल्यावर आमचे जुने स्नेही आण्णा चहाला घरी घेऊन गेले. माजघरात कोनाड्याखाली एक पांढरी पेटी घुं-घुं करीत होती. वर निळा दिवा. पेटीच्या शेजारीच मनी मांजर अंगाची गुंडाळी करून झोपलेले.

"थोरल्यानं चाकणहून पाठवलंय साहेब," आण्णा म्हणाले. "हवा गाळतं म्हणे. नातीला दमा आहे ना. आता तिचा तो पंप बंद केला तर चालेल का?"

नात नऊ वर्षांची. पुण्याच्या डॉक्टरांनी कातडीवर तपासणी करून सांगितले होते, की तिला मांजराचे आणि घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांचे वावडे आहे. मला पुढच्या गावी जायची घाई होती. "यंत्र चांगलं असतं म्हणतात," एवढे बोलून मी उठलो. पंपाच्या प्रश्नाला मी उत्तरच दिले नाही. आण्णांनी माझ्या बोलण्याचा अर्थ 'होय' असा घेतला.

बाराव्या दिवशी मध्यरात्री पोरीला अशी धाप लागली, की दोन शब्दही एका दमात बोलता येईनात. कांद्याच्या पिकअपमध्ये घालून तिला तालुक्याला नेले. प्राणवायू आणि वाफेचे औषध मिळाले, पहाटे श्वास खाली बसला. पोर वाचली. पण मला चुटपूट लागून राहिली. फवारणीच्या औषधाबद्दल कोणी असे विचारले असते, तर लेबल वाचल्याशिवाय मी तोंड उघडले नसते. इथे मात्र बोलून गेलो.

त्यानंतर डॉक्टरांना विचारले, वाचन केले. मी डॉक्टर नव्हे. पण प्रयोगाचे निकाल कसे वाचायचे, हे शेतकी शिक्षणात शिकलो आहे. त्या आधाराने जे समजले ते सांगतो.

दोष केसांचा नव्हे

मांजराच्या केसांमुळे दमा होतो, असे आपण समजतो. खरे कारण वेगळे आहे. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत एक प्रथिन तयार होते. शास्त्रज्ञ त्याला 'फेल-डी-वन' म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटते, ती लाळ वाळते आणि कोंड्याबरोबर तिचे कण हवेत उडतात. त्यातले पुष्कळ कण इतके बारीक असतात, की ते तासन् तास हवेत तरंगतात आणि श्वासाबरोबर खोल फुप्फुसात जातात. ज्याला वावडे आहे त्याच्या श्वासनळ्या या कणांनी सुजतात, आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते.

हे कण गोधडीला, गादीला, भिंतीला, कपड्यांना चिकटतात. मांजर नसलेल्या घरात आणि शाळेतसुद्धा ते कपड्यांवरून जाऊन पोहोचतात. मांजर घरातून हलवले तरी आधीचे कण कमी व्हायला पाच-सहा महिने लागू शकतात. म्हणून "पंधरा दिवस मांजर नव्हते, तरी फरक नाही, म्हणजे मांजराचा दोष नाही" हा हिशेब चुकीचा आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड या देशांतल्या पाहण्यांत, गोठ्याजवळ वाढलेल्या मुलांत दमा कमी आढळला आहे. तेव्हा हे वाचून कोणी घरोघरची मांजरे पोत्यात भरू नयेत. प्रश्न फक्त ज्या माणसाला वावडे आहे त्याचा आहे, आणि ते तपासणीनेच ठरवावे.

यंत्र करते तरी काय?

पेटीत एक पंखा आणि एक दाट गाळणी असते, बाकी फार काही नाही. चांगल्या गाळणीला 'हेपा' म्हणतात. खऱ्या हेपा गाळणीतून ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. तेव्हा यंत्र खोटे नाही. त्यातून जाणारी हवा ते खरोखर गाळते.

पण जी हवा त्याच्यापर्यंत येते, तीच ते गाळणार. गोधडीत बसलेले कण ते ओढून काढत नाही. धुळीतल्या किड्यांचे कण जड असतात, ते लवकर खाली बसतात, त्यामुळे त्या बाबतीत यंत्राचा उपयोग आणखीच कमी.

विहिरीचा दाखला घ्या. उपसा चालू आहे आणि झरेही वाहताहेत. झऱ्यांचे पाणी उपशापेक्षा जास्त असेल, तर विहीर कधी तळाला लागणार? यंत्र हा उपसा, आणि पेटीशेजारी झोपलेली मनी हा झरा.

तुलनेचा वाफा काय सांगतो?

नवे खत आले, की आपण एका वाफ्याला घालतो आणि शेजारचा वाफा तसाच ठेवतो. तसे केले नाही, तर गुण खताचा की पावसाचा, हे कळत नाही. औषधशास्त्रातही हीच रीत आहे.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातील डॉक्टरांनी १९९८ साली असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराचे वावडे असलेली आणि घरात मांजर बाळगणारी ३५ माणसे घेतली. काहींच्या झोपण्याच्या खोलीत हेपा गाळणीचे यंत्र ठेवले, काहींच्या खोलीत दिसायला तसेच पण गाळणी नसलेले यंत्र ठेवले. कोणाकडे कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. गाद्या-उशांना खोळी घालणे आणि मांजराला त्या खोलीबाहेर ठेवणे, हे उपायही होते. तीन महिन्यांनी काय दिसले? खऱ्या यंत्राच्या खोल्यांत हवेतले मांजराचे कण कमी झाले. पण माणसांच्या त्रासात, औषधाच्या गरजेत फरक सापडला नाही. हवा सुधारली, आजार सुधारला नाही.

प्रयोग लहान होता, हे खरे. दुसरीकडे, त्याच शहरात घरात विडी-सिगारेट ओढणारे कोणी आहे अशा दमेकरी मुलांवर सहा महिने प्रयोग झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात यंत्रामुळे हवेतले बारीक कण घटले आणि मुलांचे त्रासाविना जाणारे दिवस वाढले. मात्र हवेतले निकोटीन घटले नाही. म्हणजे यंत्र टाकाऊ नाही, पण ते एकट्याने दमा बरा करीत नाही.

आपल्या घराचा हिशेब

आता आपल्या घराकडे पाहू. पत्र्याखाली वीतभर फट, पुढचे दार दिवसभर उघडे, मागे पाणी तापवायची चूल. अशा माजघरात यंत्र ठेवणे म्हणजे फुटक्या चारीत पाणी सोडणे.

ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी हा हिशेब करावा. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची, तर तासाला २०० घनमीटर स्वच्छ हवा देणारे यंत्र हवे. हा आकडा पेटीवर 'सीएडीआर' या नावाने लिहिलेला असतो. तो पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ५० वॅटचे यंत्र दिवसरात्र चालवले, तर महिन्याला ३६ युनिट वीज जाते. गाळणी ठराविक मुदतीने बदलावी लागते, तिचा खर्च दुकानदाराला आधीच विचारा. वीज नसेल त्या वेळी यंत्र म्हणजे नुसती पेटी.

ओझोन सोडणारी यंत्रेही बाजारात येतात. "ताजी हवा" असा वास येतो म्हणून लोक भुलतात. ओझोन फुप्फुसाला त्रासदायक आहे. दमेकऱ्याच्या घरात असे यंत्र नकोच.

आणखी एक. हेपा गाळणी कण अडवते, विषारी वायू अडवत नाही. यंत्र आहे म्हणून बंद खोलीत शेगडी पेटवून झोपण्याचे धाडस कोणी करू नका. त्यात जीव जातात.

आधी झरे बुजवा

कमी खर्चाचे उपाय आधी, यंत्र शेवटी. आण्णांच्या घरी आम्ही हा क्रम लावला:

१. मांजराचा मुक्काम घराबाहेर. निदान झोपण्याच्या खोलीत त्याला कधीही येऊ देऊ नये. मांजर धुतल्याने कण कमी होतात, पण आठवड्याच्या आत पुन्हा पहिल्यासारखे.

२. गोधड्या, चादरी, उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुणे. जाड गादी कडक उन्हात दिवसभर टाकून, उलटून, झटकणे. झटकण्याचे काम दमेकऱ्याने करू नये.

३. केरसुणीने कोरडा केर उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे.

४. धूर बंद. गॅस असूनही पाणी चुलीवर तापवले, तर धूर घरातच राहतो. चूल पडवीबाहेर न्यावी. विडी, डासांची कॉइल, धूप हेही त्या खोलीत नकोत.

५. मळणी, उफणणी, बुरशी आलेला कडबा हलवणे, या वेळी त्या माणसाला लांब ठेवणे.

मांजर हलवले की उंदरांचे काय, असा प्रश्न आण्णांच्या सौभाग्यवतींनी केला. रास्त आहे. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, बिळे बुजवावीत, पिंजरे लावावेत. मात्र धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नका. त्यांच्या वायूने झोपेत माणसे दगावली आहेत.

पंपाची भीती नको

"पंपाची सवय लागते" हे वाक्य मी गावोगाव ऐकतो. त्याच गैरसमजाने त्या रात्री पोरीवर प्रसंग आला. पंपातून औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून मायक्रोग्रॅममध्ये, फार थोडे पुरते. गोळीचे औषध सगळ्या अंगातून फिरते, म्हणून जास्त लागते.

पंप दोन कामांचे असतात. एक तात्पुरता, आवळलेली नळी मोकळी करणारा. दुसरा रोजचा, आतली सूज उतरवणारा. रोजच्या पंपाने लगेच फरक जाणवत नाही, म्हणून लोक तो सोडतात आणि नुसत्या तात्पुरत्यावर भागवतात. हे धोक्याचे आहे. लहान मुलांना नळकांडे लावून पंप द्यावा आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी. मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. आपण नाही, शेजारी नाही, आणि शेतकी अधिकारी तर नाहीच.

'पीक फ्लो मीटर' नावाची एक साधी नळी मिळते, किंमत काही शे रुपये. सकाळ-संध्याकाळ तीन वेळा जोरात फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. पर्जन्यमापकाची नोंद ठेवतो तसेच हे. आकडा उतरू लागला, की धाप लागायच्या आधीच सावध होता येते.

बोलताना शब्द तुटत असतील, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील, किंवा तात्पुरत्या पंपाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा.

आता काय परिस्थिती आहे?

परवा आण्णांकडे पुन्हा गेलो होतो. मनीचा मुक्काम आता खळ्याजवळच्या अवजारांच्या खोलीत आहे. तिला घराबाहेर काढले त्या दिवशी पोर जेवली नव्हती. आता तिचा धाकटा भाऊ मनीला दूध घालतो, आणि ही कुंपणापाशी उभी राहून तिच्याशी गप्पा मारते. गोधड्या उन्हात असतात. चूल मागच्या अंगणात गेली आहे. पेटी माजघरातून हलून पोरीच्या झोपण्याच्या लहान खोलीत गेली, रात्री दार लावून चालते. तिचा थोडाफार उपयोग होत असेल, पण तिच्या भरवशावर आता कोणी नाही.

पोरीने मला वही दाखवली. सकाळ-संध्याकाळचे आकडे ओळीने लिहिलेले. पंपाच्या रकान्यात रोज दोन खुणा. मार्गशीर्षातल्या बारा दिवसांची पाने तिने कोरी ठेवली आहेत. आण्णा म्हणाले, "ती पानं तशीच राहू द्या साहेब. आपल्या दोघांसाठी आहेत."

बंधू-भगिनींनो, पोरांच्या काळजीपोटी यंत्र घेणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. पण खत घातले म्हणून कोणी पाणी द्यायचे थांबवत नाही. तसेच यंत्र आले म्हणून औषध थांबवू नका.