तोंडाला सारखी कोरड पडते तेव्हा

चिंचेचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं. हे पाणी म्हणजे आपली लाळ. आज आपण तिच्याबद्दलच बोलणार आहोत. ती आटते तेव्हा बाईला घरात एकच सल्ला मिळतो, "पाणी पी म्हणजे बरं वाटेल." पाणी तर प्यायलाच हवं, पण दर वेळी तेवढ्यानं भागत नाही.

उन्हातून आल्यावर, घाबरल्यावर किंवा कडक उपासाच्या दिवशी तोंड कोरडं पडणं साहजिक आहे. पाणी प्यालं, थोडा आराम केला, की ते थांबतं. पण भाकरीचा कोरडा घास घोटभर पाण्याशिवाय उतरत नाही, जीभ टाळूला चिकटते, रात्री दोन-तीनदा पाण्यासाठी उठावं लागतं, साध्या तिखटानंही तोंडाची आग होते, असं दोन-तीन आठवडे रोज होत असेल, तर "वयानं होतं" म्हणून सोडून देऊ नका.

लाळ करते तरी काय?

कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या मोठ्या गाठींच्या तीन जोड्या असतात. त्या दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. ही लाळ घास ओला करते, दातांवर चिकटलेलं गोड-आंबट धुऊन काढते आणि जंतूंना आवर घालते. ती कमी झाली की दात भराभर किडतात, तेही हिरडीच्या कडेला. जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो, तोंडाला वास येतो, चव जाते. कवळी असेल तर ती नीट बसत नाही.

लाळ का आटते?

पहिलं कारण आपल्या रोजच्या कामातलं. शेतात, ऊसतोडीवर, बाजारात आडोसा नसतो, म्हणून आपण सकाळपासून पाणीच कमी पितो. मग तोंड सुकतं, लघवीला जळजळ होते, डोकं दुखतं. हा दोष बाईचा नाही, आडोसा नसण्याचा आहे. गटाच्या बैठकीत आणि ग्रामसभेत हा विषय जरूर काढा.

दुसरं कारण आपल्या गोळ्यांच्या पिशवीत असतं. सर्दी-खाज-ॲलर्जीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या, नैराश्यावरच्या आणि झोपेच्या काही गोळ्या यांनी तोंड कोरडं पडू शकतं. पण म्हणून बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, "यातल्या कशानं कोरड पडते का?" डॉक्टर गोळी बदलू शकतात किंवा तिचं प्रमाण, वेळ बदलू शकतात.

तिसरं कारण म्हणजे मधुमेह. रक्तात साखर वाढली की शरीर ती लघवीवाटे बाहेर टाकतं आणि सोबत पाणीही जातं. त्यामुळे तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, वजन घटतं, जखम लवकर भरत नाही, अंगावरच्या जागी खाज सुटते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त निघाली, तर मधुमेहाची शक्यता असते. मग डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करतात.

याशिवाय तोंडानं श्वास घेणं, सततची चिंता, पाळी जाण्याचा काळ आणि कॅन्सरसाठी तोंडा-गळ्याला दिलेला शेक यांनीही कोरड पडते. तोंडाबरोबर डोळ्यांतही वाळू गेल्यासारखं खुपत असेल आणि सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. शरीराची रोगाशी लढणारी शक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या गाठींवर उलटते, असा एक आजार असतो. तो पुरुषांपेक्षा बायकांमध्ये खूप जास्त दिसतो.

आता मिश्रीबद्दल. मिश्री लावली की आधी तोंडात पाणी येतं, म्हणून ती औषधासारखी वाटते. पण ते पाणी आपण थुंकून टाकतो आणि तंबाखूचा अंश हिरड्यांत, गालांत मुरत राहतो. सुपारीनं तर गाल आतून कडक होतात. घरीच बघा, आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर तपासणी लांबवू नका.

घरी काय करता येईल?

पाणी एकदम तांब्याभर न पिता थोड्या थोड्या वेळानं घोट-घोट घ्या. किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर ते मोडू नका. नुसती चूळ भरून तोंड ओलं करा. भाकरी आमटीत किंवा ताकात कुस्करून खा. जेवणानंतर साधी बडीशेप चावा, चावण्यानं लाळ सुटते. साखरेचा लेप असलेली बडीशेप, गोळ्या किंवा खडीसाखर चघळू नका. लाळ कमी असताना गोडानं दात लवकर जातात. लिंबू, चिंच सारखी चोखू नका, आंबटानं दात झिजतात. चहा कमी करा.

फ्लोराइड असलेल्या पेस्टनं दोनदा दात घासा, रात्री झोपताना तर नक्कीच. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून चुळा भरा, पण ते पाणी गिळू नका. ओठांना तूप किंवा व्हॅसलीन लावा. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, गिळताना अडकत असेल किंवा कानापुढे सूज असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तिशीनंतर बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून मिळते. आशाताईंना दिवस विचारून घ्या आणि गटातल्या चार-पाच जणी मिळूनच जा. एकटी गेली तर "कोरड पडते, त्यात काय सांगायचं" म्हणून बाई गप्प बसते. सोबत मैत्रीण असली की सगळं नीट सांगून होतं.