टांगणीला लागलेला जीव आणि जिवावर आलेला दिवस

मराठीत 'जीव' या शब्दाभोवती वाक्प्रचारांचे मोठे गोत आहे. त्यांतले दोन या लेखाच्या कामाचे आहेत. 'जीव टांगणीला लागणे' म्हणजे काहीतरी वाईट होणार या धास्तीत अडकून राहणे. 'जिवावर येणे' म्हणजे साध्या कामाचीही उभारी नसणे. अंघोळ जिवावर येते, वाजणारा फोन उचलणे जिवावर येते. पहिला वाक्प्रचार चिंताविकाराच्या जवळ जातो, दुसरा नैराश्याच्या. आपण ते चार दिवसांच्या अवस्थेसाठी सहज वापरतो. आजार म्हणायचा तर ती अवस्था कित्येक आठवडे, महिने टिकते आणि झोप, भूक, काम, नाती सगळ्यांत मोडता घालते. या दोन्ही अवस्था ज्यांच्यात एकाच वेळी मुक्कामाला असतात, त्यांच्याविषयी हा लेख आहे. मी त्यांच्यापैकीच एक.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा पदवीधरही नाही. दुकानदारांचे जमाखर्च लिहिणे हा माझा व्यवसाय. २००८ साली माझा धाकटा भाऊ गेला. त्याच्या कर्जाला मी जामीन होतो, त्यामुळे त्याच वर्षी वसुलीची पत्रे माझ्या घरी येऊ लागली. पुढे जे सुरू झाले त्याला डॉक्टरांनी दोन वेगवेगळी नावे लिहून दिली. माणूस एक, मग आजार दोन कसे, हा प्रश्न मला सुटेना. शब्दकोश शेजारी ठेवून मी शोधनिबंध वाचू लागलो. इतक्या वर्षांच्या वाचनातून आणि अनुभवातून जे समजले ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की या दोहोंची साधी बेरीज होत नाही. ते एकमेकांच्या वाटा अडवतात. नुसती चिंता असलेला माणूस पुष्कळदा धडपड करतो. चार फोन करतो, कागद तपासतो, दारावरचे कुलूप दोनदा ओढून पाहतो. त्या धडपडीने त्याला थोडा वेळ तरी सुटका मिळते. नैराश्य आले की ही धडपडच थांबते. विजेचे बिल भरायचे राहिले आहे, वीज तोडतील, या विचाराने पहाटे तीनला जाग येते आणि सकाळी अकरा वाजले तरी ते बिल टेबलावरून उचलवत नाही. संध्याकाळी न भरलेल्या बिलाची धास्ती दुप्पट होते आणि 'आपल्याच्याने एवढेही होत नाही' हा ठपका वर बसतो. चिंतेने नैराश्याला पुरावा मिळतो, नैराश्याने चिंतेला कारण मिळते.

भोवतालच्या माणसांची त्यामुळे पंचाईत होते. माझी थोरली बहीण फोनवर म्हणायची, "अरे, एवढी काळजी वाटते ना, मग ऊठ आणि ते काम करून टाक!" शेजारचे काका म्हणायचे, "दमलायस तू, चार दिवस पडून राहा." दोघेही मायेनेच बोलत होते. पण उठण्याचे बळ नव्हते, आणि पडून राहिले की रिकामा वेळ धास्तीला मोकळा मिळत होता. एका आजाराला लागू पडणारा सल्ला दुसऱ्याने निकामी केला होता.

या दोन अवस्था वेगळ्या मोजण्याची रीत तशी अलीकडची आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या सूत्रांत, दीर्घकाळ टिकलेली भीती आणि खिन्नता यांना मिळून 'मेलँकोलिया' म्हटले आहे. १६२१ साली रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने याच विषयावर प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यातही भय आणि दुःख बरोबरीनेच येतात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली आणि प्रत्येक विकाराला लक्षणांची काटेकोर यादी दिली. डॉक्टरांचे निदान एकमेकांशी जुळत नव्हते, त्यावरचा तो उपाय होता. पण त्या आवृत्तीत विकारांना पायऱ्या होत्या. चिंता ही नैराश्याचाच भाग दिसत असेल तर चिंताविकाराचे वेगळे निदान करायचे नाही, असा नियम होता. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत असे बरेचसे नियम सैल झाले आणि एकाच रुग्णाला दोन निदाने मिळू लागली. माझ्या कागदावरची दोन नावे अशी आली.

मधली वाटही काढून पाहिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या दहाव्या वर्गीकरणात 'चिंता व नैराश्य मिश्र विकार' असा एक खण आहे. तो मुख्यतः अशांसाठी की ज्यांच्यात दोन्ही आहेत, पण स्वतंत्र निदान करण्याइतके एकही तीव्र नाही. अमेरिकी पुस्तिकेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीपूर्वी असाच खण प्रत्यक्ष रुग्णांवर तपासला गेला. दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला वेगवेगळे भेटायचे आणि निदान जुळते का ते पाहायचे. या खणाच्या बाबतीत ते निव्वळ योगायोगाने जुळावे तेवढेच जुळले, म्हणून तो वगळला गेला. त्याऐवजी नैराश्याच्या निदानापुढे 'चिंताग्रस्ततेसह' अशी पुस्ती जोडण्याची सोय झाली. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात मिश्र विकार टिकला, पण चिंतेच्या गटातून नैराश्याच्या गटात गेला. रुग्णाने यातून एवढेच घ्यावे की कागदावरचे नाव बदलले म्हणजे आजार बदलला असे होत नाही.

मग या दोहोंत सामाईक काय आणि वेगळे काय? ली अ‍ॅना क्लार्क आणि डेव्हिड वॉटसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली याची तीन भागांत मांडणी केली. मनाची सततची बोचणी, चिडचिड, अपराधी वाटणे हा सामाईक भाग. आनंद, उत्सुकता आटून जाणे हा नैराश्याचा खास भाग. छातीत धडधड, हाताला कंप, श्वास अपुरा पडणे, म्हणजे शरीराने सतत सावध राहणे, हा चिंतेचा खास भाग. ज्याला दोन्ही आहेत त्याच्या वाट्याला तिन्ही येतात. शरीर पळायला तयार आणि मनाला कुठे जावेसे वाटत नाही, अशी ती स्थिती असते.

१९९२ साली केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या हजाराहून अधिक जुळ्या बहिणींच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की नैराश्य आणि सततचा चिंताविकार यांमागची आनुवंशिक घडण जवळपास एकच असते. कोणाला काय होईल, हे बरेचसे आयुष्यात काय घडते त्यावर ठरते.

आयुष्यात काय घडते, याचे उत्तर मला त्याआधीच्या एका कामात सापडले. १९८१ साली फिनले-जोन्स आणि जॉर्ज ब्राउन यांनी लंडनमधील एका डॉक्टरकडे येणाऱ्या तरुण स्त्रियांना आजारापूर्वीच्या वर्षाविषयी सविस्तर विचारले. ज्यांना मोठी हानी सोसावी लागली होती, म्हणजे माणूस, नाते, घर गमवावे लागले होते, त्यांच्यात नैराश्य दिसले. ज्यांच्यासमोर मोठे संकट उभे होते, म्हणजे वाईट अजून घडलेले नव्हते पण घडण्याची टांगती तलवार होती, त्यांच्यात चिंता दिसली. आणि ज्यांच्यात दोन्ही आजार होते, त्यांच्या वर्षात बहुधा हानी आणि संकट दोन्ही आले होते. हे वाचले तेव्हा मी २००८ सालाकडे नव्याने पाहिले. भाऊ गेला ही हानी, वसुलीची पत्रे हे संकट. दोन नावांचा अर्थ मला तेव्हा लागला.

ही विभागणी आपल्या प्रदेशालाही लावून पाहता येते. पीक हातचे गेले ही हानी आणि सावकाराचे वा बँकेचे देणे हे संकट. विदर्भातल्या कितीतरी घरांत दोन्ही एकाच हंगामात येतात. हा जोड मी माझ्या विचाराने लावला आहे. पण तिथे झालेले काम मात्र नोंदलेले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमात प्रशिक्षित गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी मानसिक आरोग्याविषयी बोलायला सुरुवात केली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचत होते. १८ महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने 'मानस' नावाचा प्रयोग केला. 'मनःशांती सुधार शोध' हे त्याचे कोंकणी नाव. नैराश्य आणि चिंता यांना वेगळे न काढता, सर्वसाधारण मानसिक विकार म्हणून २४ दवाखान्यांत त्यांवर एकत्र उपचार झाले. त्यांतले निम्मे सरकारी आरोग्य केंद्रे होती, निम्मे खासगी. समुपदेशन करणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे होती. २०१० साली आलेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांमधील रुग्ण नेहमीच्या पद्धतीपेक्षा स्पष्टपणे अधिक प्रमाणात बरे झालेले दिसले. खासगी दवाखान्यांत असा फरक पडला नाही. निदानाच्या नावावर वाद चालू असतानाही उपचार अडून राहत नाहीत, हे यातून दिसते.

औषधांविषयी दोन गोष्टी प्रत्येक रुग्णाला आणि घरच्यांना ठाऊक हव्यात. आज नैराश्यासाठी सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्यांचा वर्ग चिंताविकारावरही चालतो, त्यामुळे दोन आजारांना दोन औषधे लागतातच असे नाही. पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी वाढू शकते. चिंतेने ग्रासलेला माणूस नेमका तिथेच घाबरतो आणि गोळी सोडून देतो. हे आधी सांगितले गेले, तर तो डॉक्टरांना फोन करील आणि मात्रा ठरवून घेईल. दुसरी गोष्ट अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या तासाभरात धडधड उतरवतात, म्हणून हव्याहव्याशा वाटतात. त्यांनी नैराश्य हटत नाही, दीर्घकाळ घेतल्यास सवय जडते आणि अचानक बंद करणे धोक्याचे असते. चालू असतील तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू कमी कराव्यात.

औषधांच्या जोडीला ब्राउन यांचे आणखी एक काम मला महत्त्वाचे वाटते. १९९२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसे बरी कशाने होतात हे तपासले. चिंतेतून सुटलेल्यांच्या आयुष्यात बऱ्याचदा काहीतरी पक्के झाले होते, पायाखालची जमीन स्थिर झाली होती. नैराश्यातून सुटलेल्यांच्या आयुष्यात बऱ्याचदा नवी सुरुवात झाली होती. ज्यांना दोन्ही होते, त्यांना बरे होताना दोन्हींची साथ लाभलेली दिसली.

माझ्या बाबतीत जामीनकीचे प्रकरण २०१३ साली तडजोडीने मिटले. त्यानंतर काही महिन्यांत रात्रीची धडधड थांबली. घरच्यांना वाटले, आता सगळे सुरळीत होईल. पण उभारी आली नाही. उलट धास्ती गेल्यावर आत किती रिते झाले आहे ते अधिक जाणवले. उभारी परतू लागली ती दोन वर्षांनी, वाणिज्य शाखेच्या तीन मुलांना मी जमाखर्च शिकवायला बसलो तेव्हा. त्या दोन वर्षांत गोळ्या चालूच होत्या आणि समुपदेशक बाईंनी छोटी, ठरलेल्या वेळेची कामे आखून दिली होती: सकाळी सातला दूध आणणे, आठवड्यातून एकदा एका माणसाला भेटणे. मनाला वाटेल तेव्हा करू, असे नाही; वाटो न वाटो, सातला उठायचे. या पद्धतीला वर्तन-सक्रियता म्हणतात. गोव्यातच सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी ती सहा ते आठ भेटींत देऊन नैराश्य कमी झाल्याचे पुढच्या एका अभ्यासात दिसले आहे. आजही दोन्ही आजार अधूनमधून डोके वर काढतात. आता मी त्यांना वेगवेगळे ओळखतो आणि आज कोणाशी गाठ आहे ते पाहून दिवस आखतो.

म्हणून ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना सांगावेसे वाटते की 'ऊठ' आणि 'पडून राहा' या दोहोंऐवजी दोन प्रश्न विचारा. याच्या डोक्यावरची कोणती एक गोष्ट आज आपण पक्की करून देऊ शकतो? आणि कोणती एक लहान गोष्ट आपण याच्याबरोबर सुरू करू शकतो? बिल त्याच्यासोबत बसून भरा. मग दोघे मिळून कोपऱ्यापर्यंत चालून या.

दोन्ही आजार एकत्र असताना आत्महत्येचा धोका एकट्या आजारापेक्षा अधिक असतो, हेही स्पष्ट सांगायला हवे. नैराश्याने जगणे नकोसे होते आणि चिंतेची तगमग स्वस्थ बसू देत नाही. असे विचार मनात आले तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगावे. घरच्यांना शंका आली तर त्यांनी सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक फोनमध्ये आजच घालून ठेवावा. गरज पडते त्या दिवशी क्रमांक शोधणेही जिवावर येते.