रौप्यनाण्यावरील उजाळ्याची पारख

जुने रौप्यनाणे हाती आले की त्यावरील काळिमा काढून टाकावा असे वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत देवघरातील रुपये चिंचेच्या कोळाने, राखेने अथवा रांगोळीने घासण्याची रीत चालत आलेली आहे. पूजेच्या दृष्टीने तीत वावगे काही नाही. परंतु तेच नाणे अभ्यासकापुढे पुरावा म्हणून येते, तेव्हा त्याचा पृष्ठभाग टाकसाळीतून निघाला तसा आहे, वापराने झिजलेला आहे, की मागाहून घासलेला आहे, हे प्रथम ठरवावे लागते.

या परीक्षेचा पाया दोन गोष्टींवर आहे. पहिली गोष्ट म्हणजे टाकसाळीची झळाळी. ठशाच्या दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे सरकतो व त्यामुळे पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे एकाच दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरविले असता प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरताना दिसतात, ते या रेषांमुळेच. दुसरी गोष्ट म्हणजे काळिमा. हवेतील गंधकयुक्त वायूंशी रुप्याचा संयोग होऊन सल्फाइडचा पातळ थर बसतो. हा थर जाड होत जातो तसा त्याचा रंग फिकट सोनेरी, तांबूस, निळसर व अखेरीस काळा होतो.

नाणे हातोहात फिरू लागले की प्रथम उठावाचे भाग झिजतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर गाल, केस व मुकुट यांवरील झळाळी आधी जाते. अक्षरांच्या आडोशास ती पुष्कळ काळ टिकते. काळिम्याचे याच्या उलट असते. उघड्या भागांवरून तो पुसला जातो आणि खोलगट भागांत साठतो. म्हणून नाण्याची झीज, झळाळी व काळिमा या तिन्हींचा परस्परांशी मेळ बसावयास हवा. ज्या रुपयावरील मुकुटाचे नक्षीकाम झिजून सपाट झाले आहे, तो सर्वांगी पांढराशुभ्र दिसत असेल, तर ती शुभ्रता मूळची नव्हे.

संशय आल्यावर नाणे भिंगाखाली पाहावे. घासलेल्या नाण्याच्या मोकळ्या भागावर एकाच दिशेने जाणारे, अथवा वर्तुळाकार, केसासारखे बारीक ओरखडे आढळतात. वापरातील ओरखडे वेड्यावाकड्या दिशांचे असतात व मुख्यतः उठावावर पडतात. पुसणाऱ्या फडक्याचे टोक अक्षरांच्या मुळाशी पोहोचत नाही. त्यामुळे तेथे काळी रेघ व तिच्याभोवती एकदम उजळ धातू असा विरोध दिसतो. कडेवरील दात्यांच्या खाचांतही जुना मळ अथवा घासण्याची पूड अडकून राहते. रासायनिक द्रावणात बुडविलेल्या नाण्यावर ओरखडे नसतात. पण द्रावण सल्फाइडबरोबर पृष्ठभागाचे रुपेही थोडे खाते. असे वारंवार केल्यास सूक्ष्म रेषा नाहीशा होतात, प्रकाशाचे पट्टे फिरत नाहीत आणि नाणे पांढरे असूनही निस्तेज दिसते. घासल्यानंतर मुद्दाम काळे केलेले नाणेही ओळखता येते. त्याचा रंग उठावावर व खोलगट भागांवर सारखाच पसरलेला असतो आणि त्याखालून ओरखडे डोकावतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टाकसाळीत ठसाच घासून साफ केला जात असे. ठशावरील ओरखडे खोल असल्यामुळे नाण्यावर त्यांच्या उंचावलेल्या रेषा उमटतात. उठावाची चित्रे ठशात खोल कोरलेली असल्याने या रेषा मोकळ्या भागापुरत्याच राहतात व अक्षराच्या कडेशी थांबतात. घासण्याचे ओरखडे मात्र नाण्याच्या धातूत रुतलेले असतात. रेषा उंच आहे की खोल, एवढे पाहिल्याने पुष्कळ नाणी निर्दोष ठरतात. वजनाचा मात्र या कामी उपयोग थोडा. १८३५ पासूनच्या प्रमाण रुपयाचे वजन १८० ग्रेन होते. घासण्याने होणारी घट वापराच्या झिजेत सहज लपून जाते.

हा प्रश्न केवळ संग्राहकाच्या किमतीचा नाही. १८६२ हा सन घातलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, आणि मुंबई टाकसाळीच्या रुपयांचा क्रम लावताना सनाच्या वर-खाली असलेले बारीक ठिपके अभ्यासक मोजतात. जोराने घासलेल्या रुपयावर ठिपका मुळातच नव्हता की झिजून गेला, हे सांगता येत नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक रौप्यनाणी होती, व त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. सातवाहनांच्या विजयाचा हा पुरावा नव्या छापाखाली उरलेल्या जुन्या मुखवट्याच्या व अक्षरांच्या पुसट खुणांत आहे. अशा खुणा घासण्याने प्रथम नष्ट होतात.

जमिनीतून निघालेली नाणी वाचण्याजोगी करण्यासाठी कधी कधी साफ करावीच लागतात, हे खरे. तथापि मातीतील क्षारांनी बनलेल्या थरातच मूळ पृष्ठभाग सामावलेला असू शकतो, आणि त्यावर नाणी बांधून ठेवलेल्या कापडाची वीणही कधी उमटलेली असते. म्हणून ते काम प्रयोगशाळेतील तज्ज्ञाचे होय, आणि तेही छायाचित्र व वजन यांची नोंद झाल्यावर करावयाचे. घासलेले नाणेही त्याज्य मानू नये. त्यावरील लेख, चिन्हे व धातू यांची साक्ष बऱ्याच अंशी शिल्लक असते. मात्र सूचीत त्याची नोंद घासलेले म्हणूनच व्हावी, म्हणजे जे त्यावर दिसत नाही त्यावरून कोणी निष्कर्ष काढणार नाही.